तापीच्या गाळाखालचे वजन : खान्देशातील एका गुरुत्वीय उंचवट्याचे प्रकरण

हलक्या गाळाने भरलेल्या सखल खोऱ्यावर गुरुत्वाकर्षण शेजारच्या प्रदेशापेक्षा थोडे कमी भरावे, ही अपेक्षा भूभौतिकीच्या पहिल्याच धड्यात शिकवली जाते. तापीच्या खोऱ्यात ती पुरी होत नाही. राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने १९७५ साली प्रसिद्ध केलेले भारताचे गुरुत्व नकाशे उघडून खान्देशावर बोट ठेवले, तर महाराष्ट्राच्या अंतर्भागात इतरत्र बऱ्यापैकी ऋण असलेली बूगे विसंगती (अक्षांश, उंची वगैरेंचा परिणाम वजा करून उरणारा गुरुत्वाकर्षणातला फरक) सातपुडा आणि तापी यांच्या पट्ट्यात ठळकपणे कमी ऋण होते. समान विसंगतीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य अशा लांबट वळतात आणि नकाशावर एक उंचवटा उभा राहतो. जमिनीवर जेथे खळगा आहे तेथेच नकाशात उंचवटा आहे. तो कशामुळे आहे, आणि त्यावरून चाळीस किलोमीटर खोलीपर्यंतच्या भूकवचाबद्दल नेमके किती बोलता येते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

अभ्यासासाठी चोपड्याच्या उत्तरेकडील सातपुड्याच्या पायथ्यापासून तापी ओलांडून धरणगाव, एरंडोल, पाचोरा आणि पुढे अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळच्या शिंदाडपर्यंतची उत्तर-दक्षिण रेषा घेतली आहे. ही निवड सोयीची आहेच. पण तिला दुसरे कारणही आहे. मध्य प्रदेशातील थुआदरापासून सेंधव्यामार्गे शिंदाडपर्यंत खोल भूकंपीय मापनाची एक रेषा पूर्वीच टाकली गेलेली आहे. गुरुत्वमापनाला असा शेजार मिळणे फार महत्त्वाचे असते. का, ते पुढे येईल.

आधी मोजणीविषयी. गुरुत्वमापी म्हणजे अतिशय नाजूक स्प्रिंगला टांगलेले एक छोटे वजन. गुरुत्वाकर्षण किंचित वाढले की स्प्रिंग किंचित ताणली जाते आणि तो ताण मोजला जातो. यातले एकक मिलिगॅल, म्हणजे गुरुत्वीय प्रवेगाचा सुमारे दहा लाखावा भाग. खान्देशाच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला गुरुत्वीय प्रवेग साधारण ९,७८,७०० मिलिगॅल असतो आणि आपण ज्या उंचवट्याच्या मागे आहोत तो काही दशक मिलिगॅलचा आहे. एवढ्या मोठ्या आकड्यातून एवढी लहान गोष्ट बाजूला काढायची, तर बाकीचे सगळे आधी प्रामाणिकपणे वजा करावे लागते.

त्या वजाबाकीचा आवाका सांगतो. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याने आणि स्वतःभोवती फिरत असल्याने उत्तरेकडे जाताना गुरुत्वाकर्षण वाढते. आपल्या अक्षांशावर ही वाढ दर किलोमीटरला ०.५४ मिलिगॅल आहे. चोपड्याच्या वरपासून शिंदाडपर्यंतचे अंतर साधारण ऐंशी किलोमीटर धरले, तर केवळ अक्षांशाने सुमारे ४३ मिलिगॅलचा फरक पडतो. म्हणजे शोधायच्या गोष्टीएवढा किंवा तिच्याहून मोठा फरक भूगर्भाशी संबंध नसलेल्या कारणाने येतो. उंचीचेही तसेच. एक मीटर वर चढले की पृथ्वीच्या केंद्रापासून दूर गेल्यामुळे ०.३०८६ मिलिगॅल घटतात आणि पायाखाली आलेल्या मीटरभर खडकाच्या ओढीने त्यातले सुमारे ०.११ परत मिळतात. निव्वळ फरक मीटरला सुमारे ०.२ मिलिगॅल. सूर्य-चंद्रांच्या ओढीने दिवसभरात होणारा बदल आणि उपकरणाचे स्वतःचे सरकणे यांची दुरुस्ती करण्यासाठी सकाळी जेथून निघालो त्याच आधारस्थानावर संध्याकाळी परत येऊन पुन्हा वाचन घ्यावे लागते. भर उन्हात शेवटच्या ठाण्यावर काम संपल्यावर पुन्हा साठ किलोमीटर मागे जायचे, हे विद्यार्थ्यांना पटवणे हा या शास्त्रातला सर्वांत अवघड भाग आहे.

उंचीच्या बाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक येथे नोंदवणे योग्य होईल, कारण ती या प्रकरणाच्या मुळाशी जाते. विद्यार्थ्यांबरोबर सरावासाठी केलेल्या मोजणीत एरंडोलच्या अलीकडे लागोपाठच्या दोन ठाण्यांमध्ये ०.९ मिलिगॅलची उडी आली. रस्ता जळगाव-धुळे महामार्गाला जवळच होता. ट्रक गेला की उपकरणातला आकडा थरथरत होता, म्हणून आम्ही रात्री वाहतूक कमी झाल्यावर तेथे पुन्हा गेलो, मोरीच्या कठड्यावर उपकरण ठेवले, तिन्ही पाय फिरवून बुडबुडा मधोमध आणला आणि पाच वाचने घेतली. उडी तशीच राहिली. मला आनंद झाला. गाळाखाली दडलेला प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग, सापडला, अशी टिपणही त्या रात्री वहीत करून ठेवली. पुढच्या आठवड्यात पातळीयंत्र लावून उंची नव्याने काढली तेव्हा लक्षात आले की जुन्या यादीतली उंची पूर्वीच्या मोरीवरच्या खुणेची होती. रस्ता रुंद करताना मोरी नवी बांधली गेली होती आणि ती साडेचार मीटर उंच होती. साडेचार गुणिले ०.२, म्हणजे ०.९. माझा प्रस्तरभंग म्हणजे मोरीच्या भरावाची उंची होती.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगतो की खोल कवचावर बोलायचे असेल तर आधी मोरीची उंची सांगा. उपग्रहाच्या साहाय्याने उंची काढणाऱ्या साधनांमुळे हे काम आता सोपे झाले आहे, पण त्या साधनांची उंची समुद्रसपाटीपासूनची नसून गणिती लंबवर्तुळाभापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या कल्पित गुळगुळीत आकारापासूनची, असते आणि भारतात या दोहोंत कित्येक दशक मीटरांचा फरक आहे. हा फरक सलग रेषेवर हळूहळू बदलत असल्याने स्थानिक उडी आणत नाही. परंतु जुन्या आणि नव्या उंचीच्या नोंदी एकाच तक्त्यात मिसळल्या, तर जो गोंधळ होतो तो नकाशावर भूरचनेच्या थाटात मिरवतो.

आता मूळ प्रश्नाकडे. वरच्या वजाबाक्या केल्यावर जे उरते ती बूगे विसंगती. ती पायाखालच्या घनतेतील कमीअधिकपणाची बेरीज असते, आणि सगळी अडचण या 'बेरीज' शब्दात आहे. एकाच बेरजेला असंख्य वेगवेगळे जमाखर्च जुळतात. उथळ आणि रुंद पिंड, खोल आणि जड पिंड, दोन लहान पिंड, एक मोठा पिंड, यांतले कोणतेही घेऊन पृष्ठभागावरचा वक्र हुबेहूब काढता येतो. वक्र जुळला म्हणून आकृती खरी, असा निष्कर्ष काढणारे लेख अजूनही वाचायला मिळतात. माझ्या मते वक्र जुळणे ही पात्रतेची किमान अट आहे, पुरावा नव्हे. म्हणून खान्देशात हिशोब वरून खाली करावा लागतो. जे माहीत आहे ते आधी उचलून बाजूला ठेवायचे आणि जे उरेल तेवढ्याचाच जाब खोल कवचाला विचारायचा.

सर्वांत वर गाळ. चोपडा, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात तापीचा गाळ किती जाड आहे हे शेतकऱ्यांना आपल्यापेक्षा आधी कळलेले असते, कारण बोअर करताना कित्येक ठिकाणी शेकडो फूट गेले तरी काळा दगड लागत नाही. नदीच्या दक्षिणेला धरणगावकडे मात्र कपाशीच्या काळ्या जमिनीखाली लवकरच मुरूम आणि मग बेसाल्ट लागतो. (याच भागात एका बांधावर उपकरण लावून बसलो असताना मळ्यातून आलेल्या आजोबांनी "आठे पानी शे का, भाऊ?" असे विचारले होते. आम्ही चाळीस किलोमीटर खोलीचे मोजतो आहोत, हे त्यांना सांगण्याचा मला धीर झाला नाही.) हिशोबापुरती गाळाची जाडी ३०० मीटर, घनता २.१ आणि शेजारच्या बेसाल्टची घनता २.८ ग्रॅम प्रति घन सेंमी धरू. एक किलोमीटर जाडीच्या विस्तीर्ण थरात घनतेचा फरक १ असेल, तर गुरुत्वाकर्षणात ४१.९ मिलिगॅलचा फरक पडतो. या त्रैराशिकाने गाळाची तूट सुमारे ९ मिलिगॅल येते.

गाळाखाली दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर वाहून आलेला. तो खान्देशात सगळीकडेच असल्याने रेषेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फारसा फरक पाडत नाही. पण त्याच्याही खाली काय आहे, ते गुरुत्वमापीला एकट्याने कधीच सांगता आले नसते. येथे थुआदरा-शिंदाड रेषा उपयोगी पडते. बोअरमध्ये सुरुंग उडवून, निघालेल्या लहरी खोलवरच्या थरांवरून परावर्तित किंवा वक्रीभूत होऊन दूरवर ओळीने मांडलेल्या भूश्रवणींपर्यंत (जमिनीची कंपने टिपणाऱ्या उपकरणांपर्यंत) किती वेळात पोचतात, यावरून थरांची खोली आणि त्यांतील लहरींचा वेग काढतात. या मापनातून नर्मदा आणि तापी या दोन्ही पट्ट्यांत बेसाल्टच्या बुरख्याखाली मध्यजीव काळातले गाळाचे खडक खचदऱ्यांमध्ये, म्हणजे प्रस्तरभंगांमधला भाग खचून झालेल्या दऱ्यांमध्ये, साठलेले आहेत, असे चित्र पुढे आले. लहरींचा वेग वरच्या बेसाल्टमध्ये जास्त आणि खालच्या गाळखडकात कमी असल्याने हा थर भूकंपीय मापनालाही चटकन दिसत नाही, हे लक्षात ठेवावे. त्याची जाडी दीड किलोमीटर आणि पायाच्या खडकापेक्षा घनता ०.३ ने कमी धरली, तर आणखी सुमारे १९ मिलिगॅलची तूट पडते.

दोन्ही मिळून २८ मिलिगॅल. म्हणजे तापीच्या खोऱ्यावर एवढा खळगा दिसायला हवा होता. समजा तेथे प्रत्यक्षात शेजारापेक्षा २० मिलिगॅलचा उंचवटा आहे. मग खोलवरच्या जड पदार्थाला २० नव्हे, ४८ मिलिगॅल पुरवावे लागतील. नकाशात दिसणारा उंचवटा हा वरची तूट भरून उरलेली शिल्लक आहे. गाळाचा आणि गाळखडकांचा हिशोब न करता जो थेट खोल कवचाचे मॉडेल बांधतो, तो या जड पदार्थाचे वजन निम्म्याहून कमी सांगून बसतो.

उत्तरेच्या टोकाला आणखी एक खाच आहे. बूगे दुरुस्तीसाठी जगभर २.६७ ही घनता वापरण्याचा प्रघात आहे. ती ग्रॅनाइटसारख्या खडकांना शोभते. सातपुडा मात्र बेसाल्टचा आहे. त्याची घनता २.८५ धरली, तर खोऱ्यापासून ६०० मीटर उंचीच्या डोंगरावर केवळ चुकीच्या घनतेमुळे सुमारे ४.५ मिलिगॅलचा खोटा उंचवटा तयार होतो. डोंगराच्या आकाराशी विसंगतीचे नाते तुटेपर्यंत घनता बदलून पाहण्याची जुनी रीत येथे अजूनही कामाची आहे. पण खरी नवलाची गोष्ट वेगळी आहे. १८५५ साली एअरी यांनी आणि पुढे १८५९ साली प्रॅट यांनी, कल्याणा आणि कल्याणपूर या भारतातील दोन ठाण्यांमधल्या अक्षांशाच्या मोजणीत आलेल्या ५.२३६ सेकंदांच्या (कोनाच्या) तफावतीवरून जो विचार मांडला, त्याप्रमाणे डोंगराच्या उंचीची भरपाई त्याखालच्या हलक्या वस्तुमानाने होते, आणि म्हणून डोंगरावर बूगे विसंगती अधिक ऋण व्हावी. सातपुड्याखाली ते तसे दिसत नाही. तेथे हलके मूळ असलेच, तर त्याला झाकून टाकणारे काही जड पदार्थही तेथेच असले पाहिजेत.

हा जड पदार्थ कोठे आहे? दोन उत्तरे समोर आहेत.

पहिले उत्तर कवचाच्या तळाशी बोट दाखवते. ए. पी. सिंग आणि आर. माइसनर यांनी १९९५ साली नर्मदा-तापी प्रदेशाच्या गुरुत्वीय अभ्यासातून कवचाच्या तळाला ३.०२ घनतेचा जाड थर मांडला. प्रावरणातून (कवचाखालच्या थरातून) वर आलेला शिलारस सगळाच पृष्ठभागावर पोचला नाही, त्यातला मोठा वाटा कवचाच्या बुडाशी चिकटून गोठला, अशी ही कल्पना आहे. तिला खडकांच्या रसायनाचा आधार आहे. दख्खनच्या बहुतेक बेसाल्टमध्ये मॅग्नेशियमचे प्रमाण प्रावरणातून थेट निघालेल्या रसापेक्षा बरेच कमी आहे. म्हणजे वर येण्याआधी त्यातून ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन यांसारखी जड खनिजे वेगळी होऊन कोठेतरी खाली बसली. खीर वाढताना पातळ वर येते आणि जाड भाग तळाला राहतो, तसा हा प्रकार आहे. पातळ भाग आपल्याला धुळे-नंदुरबार पट्ट्यात उघड्यावर दिसतो: मैलोगणती सरळ गेलेल्या, दोन्ही बाजूंचा मऊ खडक झिजून गेल्याने काळ्या तटासारख्या उभ्या राहिलेल्या डाइकच्या, म्हणजे भेगांत गोठलेल्या शिलारसाच्या, भिंती. या भिंतींची सर्वसाधारण दिशाही पूर्व-पश्चिमच, म्हणजे उंचवट्याच्या लांबीला जवळची आहे. गंमत अशी की डोळ्यांना इतक्या ठळक दिसणाऱ्या या भिंती गुरुत्वमापीला जवळजवळ दिसतच नाहीत. वीस मीटर रुंदीच्या डाइकची घनता शेजारच्या बेसाल्टपेक्षा ०.१ ने जास्त असली, तरी तिचा परिणाम मिलिगॅलच्या एक-दशांशाच्या आसपास राहतो. दोन-दोन किलोमीटरवर ठाणी घेतली तर तो सापडायचाही नाही. आणि डोळ्यांना कधीच दिसणार नाही तो तळाचा थर मात्र आकडा हलवतो.

किती हलवतो ते पाहू. खालच्या कवचाची नेहमीची घनता २.९० धरली, तर ३.०२ च्या थराशी फरक ०.१२ येतो. दहा किलोमीटर जाडीला हे ५० मिलिगॅल होतात आणि ४८ चा हिशोब जुळल्यासारखा वाटतो. पण हे त्रैराशिक अमर्याद पसरलेल्या थराचे आहे. थर शंभर किलोमीटर रुंदीचा पट्टा असेल आणि त्याचा मध्य ३३ किलोमीटर खोल असेल, तर पृष्ठभागावर मधोमध उभ्या असलेल्या निरीक्षकाला तो १८० अंशांपैकी सुमारे ११३ अंशच व्यापताना दिसतो आणि परिणामही त्याच प्रमाणात, म्हणजे ०.६३ पटच मिळतो. ५० चे ३२ होतात. तेव्हा ४८ साठी जाडी दहा नव्हे, पंधरा किलोमीटर लागते. चाळीस किलोमीटरच्या कवचात पंधरा किलोमीटर ही लहान मागणी नव्हे.

दुसरे उत्तर मधल्या किंवा वरच्या कवचात शिरून तेथेच गोठलेल्या शिलारसाच्या मोठ्या अंतर्वेशी पिंडांचे आहे. डाइकना रस पुरवणारे साठे तेथे असावेत, असे काही संशोधकांनी मांडले आहे. आठ किलोमीटर खोलीवर, पाच किलोमीटर जाडीचा, चाळीस किलोमीटर रुंदीचा आणि घनतेत ०.२ ने वरचढ असा पिंड सुमारे ३२ मिलिगॅल देतो. आकड्याकडे पाहून या दोन उत्तरांत निवड करणे अशक्य आहे. निवड उताराकडे पाहून करावी लागते. खोल थराच्या कडेवर विसंगतीचा उतार कितीही प्रयत्न केला तरी एका मर्यादेपलीकडे तीव्र होत नाही: आधी काढलेल्या पंधरा किलोमीटर जाडीच्या तळाच्या थराला ती मर्यादा किलोमीटरमागे सुमारे ०.७ मिलिगॅल येते, तर उथळ पिंडाला सुमारे १.७. ज्या भागात समोच्च रेषा ०.७ हून मंद उतरतात तेथे दोन्ही शक्यता खुल्या राहतात. ज्या भागात त्या ०.७ हून तीव्र उतरतात तेथे नुसता तळाचा थर पुरत नाही, हे मात्र निर्विवाद आहे. असा उतार वरच्या खचदरीच्या कडेमुळेही येऊ शकतो, आणि सातपुड्याच्या पायथ्याला तसा मोठा प्रस्तरभंग आहेच. म्हणून गाळखडकांची कड भूकंपीय छेदावरून आधी निश्चित करून, तिचा परिणाम काढून टाकून, मगच उरलेल्या उताराला ही कसोटी लावायची.

माझा कौल तळाच्या थराच्या बाजूने आहे, पण सगळा भार त्याच्यावर टाकण्याच्या बाजूने नाही. खालच्या कवचात लहरींचा वेग सेकंदाला ७ किलोमीटरच्या पुढे जातो, हा त्या थराचा स्वतंत्र साक्षीदार आहे. गुरुत्वमापीने न सांगितलेली गोष्ट तो सांगतो. दुसरा साक्षीदार भूकंप. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात झालेल्या सहाहून अधिक क्षमतेच्या भूकंपाची नाभी सुमारे ४० किलोमीटर खोल होती आणि याच पट्ट्याच्या पूर्वेला २२ मे १९९७ रोजी जबलपूरला झालेल्या भूकंपाचीही ३५ किलोमीटरच्या आसपास. एरवी एवढ्या खोलीवर खडक तापून नरमलेला असतो. तो तुटण्याऐवजी हळूहळू वाहतो. तेथे भूकंप होत असतील तर तेथला खडक कोरडा, लोह-मॅग्नेशियमयुक्त आणि कणखर असला पाहिजे, आणि ३.०२ घनतेच्या थराला ही तिन्ही विशेषणे लागू पडतात.

याविरुद्ध उनपदेवचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. अडावदजवळच्या या गरम पाण्याच्या झऱ्याकडे पाहून खाली अजून शिलारस धगधगतो आहे, असे सांगणारे लोक भेटतात. तसे मानण्याची गरज नाही. पावसाचे पाणी प्रस्तरभंगाच्या भेगांतून दोन-तीन किलोमीटर खाली जाऊन परत वर आले, तरी ते पुरेसे तापते. ६ कोटी ६० लाख वर्षांत तो रस केव्हाच थंड झालेला आहे. त्याची उष्णता गेली, वजन राहिले. झरा प्रस्तरभंगाची जागा दाखवतो, आणि आमच्या रेषेला तेवढेच हवे आहे.

कारण सगळा निकाल आता अडावद आणि चोपडा यांच्यामधल्या थोड्या किलोमीटरांवर येऊन ठेपतो. गाळ तेथेच झपाट्याने जाड होतो, बेसाल्टचा डोंगर तेथेच उठतो, प्रस्तरभंग तेथूनच जातो आणि घनतेचा प्रघातही तेथेच चुकतो. चार वेगवेगळ्या कारणांचे उतार एकमेकांवर पडतात त्या जागी दोन किलोमीटरवर एक ठाणे म्हणजे काहीच नव्हे. तेथे अर्ध्या किलोमीटरवर ठाणी घ्यावी लागतील, प्रत्येकाची उंची पातळीयंत्राने काढावी लागेल, आणि बागाईतदारांच्या बोअरच्या नोंदी, म्हणजे किती फुटांवर काळा दगड लागला याचे तोंडी आकडे, गावोगाव फिरून वहीत उतरवावे लागतील. त्यातले पहिले अकरा आकडे माझ्या वहीत आहेत. त्यांपैकी सात जणांना दगड लागलेलाच नाही.